नेर्लेकर प्रमेय

‘‘दार लावून घे,’’ नेर्लेकर सर म्हणाले.

मी दार लावलं आणि वळून बघते तर माझा कागद त्यांनी टेबलावर पालथा घातलेला. पुरता वाचलासुद्धा नव्हता. वरच्या दोन-चार ओळींवरून नजर फिरवली, आणि घातला पालथा. आदल्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. हा कागद सरांना दाखवायचा कसा, याच काळजीत होते. त्यांचं बायपास झालेलं. माणसाच्या उभ्या आयुष्याची कमाई चुकीची आहे हे त्याच्या तोंडावर सांगायचं म्हणजे काय गंमत आहे का? मी पाण्याचा ग्लाससुद्धा हाताशी भरून ठेवला होता. आणि हे महाशय शांतपणे चष्मा पुसत बसले होते.

‘‘सर, तुम्ही वाचलं नाही.’’

‘‘वाचलं.’’

‘‘निकटभाज्यातून भाज्यता परत मिळते, सर. एका ओळीत मिळते. मग आपलं प्रमेयच राहत नाही.’’

‘‘बस जरा.’’

ही गोष्ट ज्यांना गणिताशी देणंघेणं नाही त्यांनाही कळावी म्हणून आधी थोडं सांगते. अवघड काही नाही, सातवीचं गणित येत असेल तर पुरे. संख्यांविषयी बोलायची एक छोटीशी भाषा घ्यायची. तिच्यात फक्त बेरीज. ‘अशी एक संख्या आहे की’, ‘प्रत्येक संख्येला’, ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे शब्द वापरायचे, आणि विधानं करायची. आता या भाषेतलं कुठलंही विधान समोर टाकलं तर ते खरं की खोटं हे ठरावीक रीतीनं, डोकं न खाजवता, शेवटपर्यंत जाऊन सांगता येईल का? बेरजेपुरतं येतं. ‘अशी एक संख्या आहे की’ हे शब्द एकेक करून विधानातून काढून टाकायची रीत आहे. ते गेले की मागे उरते ती नुसती आकडेमोड, आणि ती कुणीही करील. अशी रीत ज्या भाषेला मिळते तिला आम्ही निर्णेय म्हणतो. बेरजेच्या जोडीला गुणाकार आला की मात्र खेळ खलास. रीत नाही, आणि कधी मिळणारही नाही. हे सिद्ध झालेलं आहे. गुणाकारच कशाला, ‘अमक्या संख्येला तमकीनं निःशेष भाग जातो’ एवढं म्हणायची सोय दिली तरी खलास, कारण तिच्यातून गुणाकार आत येतो. हेही जगाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

नेर्लेकर सरांनी तरुणपणी काय केलं, तर भाज्यतेला बगल दिली. निःशेष भाग नको, म्हणाले, जरा सैल करू. भागाकारात बाकी शून्य उरो नाहीतर एक उरो, दोन्ही चालेल. याला त्यांनी नाव दिलं निकटभाज्य. सातला चौदा निकटभाज्य, पंधराही निकटभाज्य, सोळा नाही. आणि मग त्यांनी सिद्ध केलं की बेरीज आणि निकटभाज्य एवढ्यावर जी भाषा उभी राहते ती निर्णेय आहे. म्हणजे खाईच्या अगदी काठापर्यंत गेले आणि पडले नाहीत. विद्यापीठाच्याच नियतकालिकात तो लेख छापून आला. विभागात त्याला नेर्लेकर प्रमेय म्हणायचे. दोघातिघांनी त्याच्यावर पीएच.डी. केली, त्यातले एक पुढे दुसरीकडे प्राचार्य झाले. आणि माझाही प्रबंध त्याच्यावरच उभा होता. पाच-सहा वर्षं मी त्याच्यावर मजले चढवत होते.

प्रबंध दाखल झाला, परीक्षकांचे अहवाल आले, ओपन व्हायवाची, म्हणजे सगळ्यांसमोरच्या तोंडी परीक्षेची, तारीख लागली. आता फक्त भाषणात दाखवायला लहान लहान उदाहरणं काढत बसले होते. सात, चौदा, पंधरा. आणि लिहिता लिहिता हात थांबला. चौदा निकटभाज्य आहे, आणि त्याच्या पुढचा पंधराही आहे. पंधरा निकटभाज्य आहे, पण त्याच्या पुढचा सोळा नाही. म्हणजे एखादी संख्या आणि तिच्या पुढची, दोन्ही निकटभाज्य असतील, तर पहिलीला निःशेष भाग जातोच. भागणारी संख्या तीन किंवा तिच्या वरची असली की झालं, अपवाद नाही. ज्या भाज्यतेला सरांनी पुढच्या दारातून हाकललं होतं ती मागच्या दारानं आत येऊन बसली होती. पायाखालची वाळू सरकणे म्हणतात ते मला तेव्हा कळलं. मग मी सरांची सिद्धता पुन्हा उघडली आणि चूक शोधली. सापडली. लांबलचक आडवाटेच्या एका पायरीत सरांनी ‘अशी एक संख्या आहे की जिला हाही गुण आहे आणि तोही’ याचे दोन तुकडे केले होते. अशी एक आहे जिला हा गुण आहे, आणि अशी एक आहे जिला तो. गावात एक डॉक्टर आहे आणि गावात एक पैलवान आहे, म्हणून गावात पैलवान डॉक्टर आहे असं कोण म्हणेल? पण चिन्हांच्या गर्दीत ते दिसत नाही. आम्हा लोकांची ही नेहमीची ठेच. पहिल्या वर्षाच्या पोरांना आम्हीच यावर गुण कापतो.

तर असा तो कागद. आणि सर चष्मा पुसत होते.

‘‘चहा घेणार?’’

‘‘नको. सर, आता काय करायचं?’’

‘‘काही करायचं नाही. पंधरवड्यात व्हायवा आहे. परीक्षक म्हणून प्रभुदेसाई येतोय, माझ्याबरोबर शिकलेला. अहवाल चांगले आलेत. भाषण नीट कर, एवढंच.’’

‘‘पण प्रमेय चुकलंय.’’

‘‘अनसूया, तुझ्या आईनं तुला कसं शिकवलं ते मला माहीत आहे. तासिका तत्त्वावर किती वर्षं काढणार? तुमच्या प्राचार्यांनी जूनपर्यंत पदवी आणा म्हणून सांगितलंय ना? मग पदवी घे. जागा पक्की होऊ दे. प्रमेयाचं नंतर बघू.’’

हे सगळं खरं होतं. गंगाखेडला माझी आई लोकांच्या घरी पापड-कुरडया करून मला शिकवत आली होती. मी तासिकेवर शिकवत होते त्या कॉलेजात एकच पक्की जागा होती, आणि प्राचार्यांनी ती माझ्यासाठी जूनपर्यंत धरून ठेवली होती. पदवी नाही तर जागा नाही. इतकं साधं.

तरी मी म्हटलं, ‘‘नंतर कशाला, सर? आत्ताच उलटं छापू. निकटभाज्य निर्णेय नाही, असं. तुमच्या नावानं छापू. माझं नावही नको.’’

‘‘आणि ज्यांनी त्याच्यावर पदव्या घेतल्या त्यांचं काय? तो प्राचार्य? त्यांनी काय करायचं?’’

‘‘त्यांचं ते बघतील.’’

‘‘पौळही अगदी असंच म्हणाला होता.’’

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, ‘‘कोण पौळ?’’

सरांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग त्यांना वाटलं असावं की ही पोरगी काय, आपलीच आहे. म्हणाले, ‘‘गंगाधर पौळ. तुझ्या आधी होता माझ्याकडे. हुशार पोरगा. त्यानंही हाच कागद आणला होता. फक्त त्याचा नऊ आणि अठरावर होता.’’

सांगते, तोवर मला सरांची दया येत होती. त्या वाक्यानं तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला ठाऊक होतं. मी पहिल्यांदा या खोलीत येऊन विषय मागितला त्या दिवशी ठाऊक होतं. मी रजिस्ट्रेशनचे पेढे आणले तेव्हा, मी तापात बसून तिसरं प्रकरण लिहिलं तेव्हा, दर वेळी ‘छान चाललंय’ म्हणून पाठ थोपटली तेव्हा ठाऊक होतं. कोसळलेल्या घराचा वरचा मजला बांधायला मला बसवलं होतं, आणि खाली बसून बघत होते.

‘‘मग त्याचं काय झालं?’’ मी विचारलं. आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता.

‘‘त्याला घाई झाली होती. म्हणे हेच लिहितो. मी सही केली नाही. मुदत संपली, गेला.’’

‘‘तुम्ही घालवलंत त्याला.’’

‘‘मी कुणाला घालवत नाही. मी सही केली नाही, इतकंच. शांत डोक्यानं विचार कर. व्हायवात कुणी काही विचारत नसतं. तो एक उपचार आहे.’’

त्यांनी कागद सुलटा केला आणि माझ्यापुढे सरकवला. मी तो घेतला आणि बाहेर पडले. दार उघडंच टाकलं.

ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी उठले की ठरवायचे, गप्प बसायचं, पदवी घ्यायची, जागा पक्की करायची, आईला इकडे आणायचं, मग बघू नेर्लेकरांकडे. दुपारी आंघोळीचे कपडे वाळत घालताना पौळ आठवायचा. मी त्याला बघितलेलंसुद्धा नव्हतं. तरी आठवायचा. आणि पुन्हा डोकं फिरायचं. विभागातल्या क्लार्ककडून माहिती काढली, तर कळलं की तो सेलूला क्लास चालवतो. दहावीचं गणित शिकवतो. दहावीचं.

ओपन व्हायवा म्हणजे आमच्याकडे एक छोटं लग्नच असतं. नवी साडी घ्यायची, घरचे बोलवायचे, परीक्षकांना आणि सगळ्या विभागाला जेवण उमेदवारानं द्यायचं. निकाल आधीच ठरलेला असतो, पण तो जाहीर झाला की उमेदवारानं मार्गदर्शकाला शाल आणि नारळ द्यायचा, आणि तीही शाल उमेदवारानंच आणायची. मी आणली होती. ऑर्डर आधीच दिलेली होती, पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी, मठ्ठा. आई गंगाखेडहून आदल्या दिवशीच आली. पहिल्या रांगेत बसली, पदर नीट करून, ज्या गणितातलं तिला एक अक्षर कळणार नव्हतं ते ऐकायला. सर तिच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, ‘‘मावशी, मुलगी सोन्यासारखी आहे तुमची.’’ आईचे डोळे भरले. मी भाषणाचे कागद आवळून धरले होते, आणि लोकांना वाटत होतं की पोरगी घाबरली.

भाषण मी केलं. ठरलेलं सगळं केलं, प्रकरण एक, प्रकरण दोन. प्रभुदेसाई म्हणजे गोरे, उंच, हसतमुख गृहस्थ. त्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही असे की उत्तर प्रश्नातच. मी उत्तरं दिली. ते म्हणाले, ‘‘उत्तम.’’ मग ते सभागृहाकडे वळले. ‘‘आणखी कुणाला उमेदवाराला काही विचारायचं आहे?’’

हा प्रश्न दर व्हायवात विचारतात, आणि कुणी काही विचारत नाही. लोकांचे डोळे जेवणाकडे लागलेले असतात. प्रभुदेसाई कागद आवरायला लागले.

मी म्हटलं, ‘‘मला विचारायचंय.’’

लोक हसले. प्रभुदेसाईही हसले. ‘‘उमेदवारालाच?’’

‘‘हो. मला माझ्या प्रबंधावर प्रश्न आहे.’’

सरांकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्यानं पुढे बोलवलं नसतं. मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, सात, चौदा, पंधरा, सोळा. आणि सांगत गेले. भाज्यता एका ओळीत परत मिळते. भाज्यता मिळाली की दोन संख्यांचा लसावि सांगता येतो, कारण लसावि म्हणजे दोघांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या, आणखी काही नाही. आता लागून असलेल्या दोन संख्या घ्या. सहा आणि सात. त्यांना एकाशिवाय सामाईक अवयव नसतो, म्हणून त्यांचा लसावि म्हणजे त्यांचा गुणाकारच, बेचाळीस. त्यातून सहा वजा करा. छत्तीस. सहाचा वर्ग. कुठल्याही संख्येचा असाच वर्ग मिळेल. आणि वर्ग मिळाले की शाळेतलंच सूत्र, दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग, त्यातून दोघांचे वेगवेगळे वर्ग वजा, उरलेल्याचं अर्ध. गुणाकार. ‘‘म्हणजे,’’ मी म्हटलं, ‘‘या भाषेत बेरीजही आहे आणि गुणाकारही आहे. हिला रीत नाही. असूच शकत नाही. माझ्या प्रबंधात ती आहे असं लिहिलंय. माझा प्रश्न असा की हा प्रबंध खरा की खोटा?’’

 प्रभुदेसाईंचं हसू पहिल्या ओळीलाच गेलं होतं. त्यांना कळलं होतं. ज्याला कळतं त्याला त्या ओळीवर दुसरा विचार करावा लागत नाही. त्यांनी मान वळवली. ‘‘नेर्लेकर?’’

मला वाटलं होतं सर भडकतील. ओरडतील, चूक आहे म्हणतील, मला खाली बसवतील. त्याची मी तयारी केली होती. तसं झालं असतं तर मी तिथंच त्यांचं एकेक काढलं असतं. पण नेर्लेकर हळूच उठले. फळ्यापर्यंत आले. हात मागे बांधून बराच वेळ माझं लिहिलेलं वाचत उभे राहिले, जणू काही पहिल्यांदाच वाचत होते. मग वळले आणि दोन्ही हात जोडले.

‘‘अनसूया बिडवे बरोबर आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘प्रमेय चुकलं. माझं प्रमेय चुकलं. मित्रहो, इतकी वर्षं जे मला दिसलं नाही ते आज माझ्या विद्यार्थिनीनं, इथं, तुमच्या सगळ्यांच्या समोर मला दाखवलं. शिक्षकाला याहून मोठा सन्मान कुठला?’’ आणि त्यांचा गळा दाटला. खराखुरा दाटला.

आधी एकानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. मागचे लोक उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, ‘‘केवढं मन आहे.’’ दुसरं कुणी म्हणालं, ‘‘असे गुरू आता राहिले नाहीत.’’ प्रभुदेसाईंनी उठून मित्राला मिठी मारली. आणि पहिल्या रांगेत माझी आई, पदरानं डोळे पुसत, सगळ्यांच्या वर टाळ्या वाजवत होती. पोरीचं काहीतरी फार चांगलं झालं असं तिला वाटत होतं. मी हातात खडू धरून उभी होते. मी पेटवलेल्या आगीवर या माणसानं हात शेकून घेतले होते.

‘‘तुम्हाला हे आज कळलं?’’ मी विचारलं. टाळ्यांत ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारलं, मोठ्यानं. ‘‘सर, तुम्हाला हे आज कळलं का? हो की नाही?’’

टाळ्या विरळ झाल्या.

‘‘आजच,’’ नेर्लेकर म्हणाले. ‘‘आत्ता.’’

‘‘आणि गंगाधर पौळ?’’

‘‘कोण?’’

‘‘गंगाधर पौळ. तुमचा विद्यार्थी. त्यानं हेच आणून दाखवलं होतं. नऊ आणि अठरा. तुम्हीच मला तुमच्या खोलीत सांगितलंत.’’

त्यांनी लोकांकडे बघितलं. केवढं दुःख होतं त्या बघण्यात. ‘‘बाई फार ताणात आहेत,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘साहजिक आहे. सहा वर्षांचं काम गेलं. पौळ नावाचं मला कुणी आठवत नाही.’’

‘‘खोटं बोलताय तुम्ही.’’

‘‘अनू,’’ आई पुढून म्हणाली, ‘‘अगं, सरांना असं बोलतात का?’’

लोकांची कुजबुज सुरू झाली. प्रभुदेसाईंनी हात वर केला, ही चर्चा इथंच थांबवू म्हणाले, जेवण निवतंय. मी फळ्यावर माझ्या सिद्धतेच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, गंगाधर पौळ. कुणी वाचलं की नाही, देव जाणे. लोक जेवायला उठले होते. शालीचं कुणाला तरी आठवलं, तर मी हात पुढे केला नाही. मग आईनंच ती उचलली आणि सरांच्या खांद्यावर घातली. ‘‘पोरगी तापट आहे हो,’’ ती त्यांना म्हणाली, ‘‘मनावर घेऊ नका.’’ पुन्हा टाळ्या झाल्या.

मी जेवले. का नाही जेवायचं? माझ्या नावानं केलेलं जेवण होतं. श्रीखंड दोनदा घेतलं आणि कुणाशी एक शब्द बोलले नाही.

पदवी मिळाली नाही. मिळणार कशी, मीच माझा प्रबंध फळ्यावर खोटा ठरवला होता. उलट्या प्रमेयाचा नवा प्रबंध लिहायचा तर नवी नोंदणी, नवा मार्गदर्शक, आणि मार्गदर्शक मिळेना. ‘गुरूचा अपमान करणारी’ असं नाव पसरलं होतं. जूनमध्ये ती जागा नांदेडच्या एका मुलाला गेली. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, चांगल्या शब्दांत सांगितलं. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. आणि नेर्लेकरांचा विद्यापीठानं सत्कार केला. त्यांच्या निर्भीड प्रांजळपणाबद्दल.

त्याच उन्हाळ्यात, शाळा उघडायच्या आधी, मी सेलूला गेले. का गेले? मला एका माणसाला सांगायचं होतं की तू बरोबर होतास, आणि तुझं नाव फळ्यावर लागलं. मी पदवी घालवून दुसरं काही मिळवलं नव्हतं. एवढं तरी कुणाला तरी नेऊन द्यावं म्हणून गेले.

पौळांचा क्लास घराच्या पुढच्या खोलीत होता, सुट्टीमुळे रिकामा. पौळ माझ्याहून फार मोठे नव्हते, पण केस सगळे पिकलेले. मी नाव सांगितलं, नेर्लेकर सरांची विद्यार्थिनी म्हटलं. ते एकदम ताठ बसले.

‘‘निकटभाज्य?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो. पुढची संख्याही निकटभाज्य असली की.’’

‘‘भाज्य,’’ ते म्हणाले, आणि हसले. हसता हसता त्यांच्या चेहऱ्याचा नूरच बदलला. बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितला. मग मी सगळं सांगायला लागले. व्हायवात कसं उठले, फळ्यावर काय लिहिलं. ते मध्ये मध्ये ‘लसावि, अगदी बरोबर’ असं म्हणत होते. मी त्यांच्या वाटेनं कशी गेले ते ऐकताना त्यांना फार बरं वाटत होतं.

‘‘आणि तुमची पदवी?’’

‘‘गेली.’’

 ‘‘माझे वडील वारले तोवर म्हणायचे,’’ ते मग म्हणाले, ‘‘झेपत नव्हतं तर आधीच सांगायचं होतंस. मी त्यांना किती समजावलं, की मला झेपलं, सरांचंच चुकलं. त्यांना पटायचं नाही. एवढा मोठा माणूस चुकेल कसा, म्हणायचे. हिलाही पटत नाही. बोलत नाही, पण पटत नाही. मलाच कधी कधी वाटतं, आपलंच काही राहिलं असेल.’’ दारात बायको चहा घेऊन उभी होती. ते तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘ताई, एक विचारू? सरांनी माझं नाव घेतलं का हो?’’

बाई ट्रे घेऊन तशीच थांबली.

हो की नाही, एवढाच प्रश्न होता. मी त्या सभागृहात एक खोटं विधान चालू दिलं नाही, त्यापायी पदवी, नोकरी, आईचं बोलणं, सगळं टाकून आले होते. उत्तर ‘नाही’ होतं. नाव घेतलं नाही, उलट कोण म्हणून विचारलं. मी तोंड उघडलं आणि समोरच्या माणसाकडे बघितलं.

‘‘घेतलं,’’ मी म्हटलं.

‘‘चारचौघांत?’’

‘‘भर सभागृहात. हात जोडून म्हणाले, गंगाधर पौळ बरोबर होता, मीच त्याची सही अडवली. त्यांचा गळा दाटून आला होता.’’

पौळांनी तोंडावर हात घेतला.  बायकोनं ट्रे खाली ठेवला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला, परक्या बाईसमोर. पहिल्यांदाच ठेवत असेल असं मला वाटलं. मला पौळांचा राग आला नाही. राग आला तो नेर्लेकरांचा, आणि इतका आला की कान तापले. सगळ्या लोकांनी त्यांना थोर केलं तेव्हा एक मी तेवढं केलं नव्हतं. आता त्यांच्या तोंडी चांगलं वाक्य घालायची पाळी माझ्यावरच आली होती, आणि ते वाक्य त्यांनी स्वतः म्हटलं असतं त्याहून चांगलं मी घातलं होतं. आजही कुठं निकटभाज्य शब्द दिसला तर मला तो ट्रे दिसतो आणि दात आवळले जातात.

पौळांनी डोळे पुसले. ‘‘बघ,’’ ते बायकोला म्हणाले, ‘‘मी म्हणत होतो ना तुला. माणूस मनानं मोठा होता.’’ आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘होता की नाही?’’

‘‘होता,’’ मी म्हटलं.